पिवळा रोल, हिरवा रोल आणि वांगी लुगडं

नातीने ओट्यावर दोन खोकी ठेवली, एक पिवळं आणि एक हिरवं. म्हणाली, "आजी, सांग, यातला कुठला चांगला?"

मला वाटलं औषध आहे. चष्मा लावून बघितलं तर कॅमेऱ्याचे रोल. ही वस्तू जगातून गेली असं मी धरून चालले होते. नात विरारला फ्लॅटमध्ये राहते, नोकरीला मुंबईला जाते, तिच्या फोनमध्ये हवे तेवढे फोटो निघतात. तरी तिने कुणाचा तरी जुना कॅमेरा विकत घेतला. आता पुन्हा सगळे रोलवर काढतात म्हणे. मी म्हटलं, तुम्हाला सुख बोचतंय, दुसरं काही नाही.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"माणसांना पिवळा, वाडीला हिरवा," मी म्हटलं. "आणि वांगं दोन्हीत येत नाही."

ती हसली. पहिल्या दोन गोष्टी तिने फोनवर वाचलेल्या होत्या. वांग्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. ते कुठून येणार? ते आमच्या घरात ठरलं होतं, आणि ठरायला काही वर्षं लागली होती.

माझं माहेर चांदीपचं, भातशेतीचं घर. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन निर्मळला आले ती फुलांच्या आणि भाजीच्या वाडीत. मी 'पानी' म्हटलं की सासू म्हणायची, पाणी आण, पानी तुझ्या बापाकडे. तिचं आणि माझं कधी जमलं असं नाही. पण फुलांचं जे मला येतं ते तिनेच शिकवलं, आणि शिकवताना बोलून घेतलं. मोगऱ्याची कळी कधी खुडायची, सोनचाफा किती पिवळा झाला की काढायचा, आदल्या दिवशीची शेवंती ताज्या शेवंतीत का मिसळायची नाही. बाजारातलं गिऱ्हाईक रंगावरून शिळं फूल लांबून ओळखतं. त्यामुळे आमच्या घरात रंग चुकला की बोलणी बसायची.

भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. ते मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते. जिवंतपणी त्यांचा एकट्याचा फोटो कोणी काढलाच नाही. एका लग्नाच्या घोळक्यातून त्यांचं डोकं कापून घेतलं, मोठं केलं, आणि मुंबईच्या कोणा पेंटरने त्यावर रंग भरले. त्याने त्यांना निळा कोट दिला, गाल गुलाबी केले, ओठांना लाली लावली. सासू रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि त्या फोटोकडे बघून नाक मुरडायची. म्हणायची, या माणसाला मी ओळखत नाही. आमचा काळा होता, आणि कोट त्याने दुसऱ्याच्या अंगावरच बघितला.

यातूनच तिच्या डोक्यात ते बसलं. नवऱ्याने पहिल्यांदा कॅमेरा घरात आणला त्या दिवशी तिने त्याला समोर बसवून सांगितलं.

"माझा फोटो मी जिवंत असताना काढायचा. तो मी बघणार. मी 'ही मी' म्हटलं तरच माझ्यामागे तो भिंतीला लावायचा. नाहीतर भिंत मोकळी ठेवा, पण मला निळा कोट घालू नका."

तो कॅमेरा वटारच्या एका मित्राचा. मित्राचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेला. त्यांनी नवीन घेतला तेव्हा जुना आमच्याकडे आला, सोबत एक पिवळा रोल. त्या काळी एक रोल घरात वर्षभर पुरायचा. गणपतीला सुरू व्हायचा, दिवाळीत दोन-चार फोटो, मग निर्मळची जत्रा, मग कोणाचं बारसं, आणि मे महिन्यातल्या लग्नांत संपायचा. संपला की नवरा वसईला स्टुडिओत द्यायचा, तिथून तो मुंबईच्या लॅबला जायचा आणि आठवड्याने पाकीट हातात यायचं. गणपतीत फोटो काढताना जे लहान मूल मांडीवर असायचं ते पाकीट उघडताना चालायला लागलेलं असायचं. आता नातीने बटण दाबलं की लगेच बघते आणि नाही आवडला तर पुसते. आम्हाला चूक कळायलाच वर्ष जायचं.

प्रत्येक रोलमध्ये एक फोटो सासूचा, हे ठरलेलं. त्यासाठी ती एकच लुगडं नेसायची, वांगी रंगाचं, लाल काठाचं. लग्नकार्याचं तेवढं एकच तिच्याकडे होतं.

पिवळ्या रोलचे फोटो आले तेव्हा सगळं घर खूश झालं. अंगणात उन्हात काढलेले होते. तांब्याचा हंडा नुकताच चिंचेने घासल्यासारखा चमकत होता. सोनचाफा सोन्यासारखा. माझा चेहरा जेवून उठल्यासारखा तृप्त दिसत होता, आणि त्या दिवशी माझा उपास होता. केळीची पानं मात्र मळकट, शेवाळलेली दिसत होती. सासूने आपला फोटो उचलला, वाफ्यात गेली, एक वांगं तोडून आणलं आणि फोटोशेजारी धरलं. फोटोतलं लुगडं सरळ सरळ कॉफीचं झालं होतं.

नवरा म्हणाला, लुगड्याचं सोड, चेहरा तर बरा आलाय.

"हळद लावलीय मला," सासू म्हणाली. "या वयात कोणाशी लग्न लावताय माझं?"

तिच्या चेहऱ्यावर मला काही एवढी हळद दिसली नाही. पण सासूशी वाद कोण घालणार.

पुढच्या वर्षी स्टुडिओवाल्याच्या सांगण्यावरून हिरवा रोल आणला. तो म्हणाला, तुमची वाडी आहे, झाडं आहेत, हिरवा घ्या, पानं बघून वेडे व्हाल. खरंच तसं झालं. पाकीट उघडलं तर केळी अशा हिरव्यागार की कोणी एकेक पान धुऊन पुसून ठेवलंय. आभाळ निळंशार. गावच्या तळ्याचं पाणीसुद्धा बरं दिसत होतं. पण माणसं गुलाबी. वटारच्या मित्राची पोरं पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाची. आणि सासूला नवऱ्याने हौसेने केळीखाली बसवलं होतं, तर तिच्या तोंडावर पानांचा सगळा हिरवेपणा उतरला होता. हा दोष रोलचा नाही, सावलीचा, असं स्टुडिओवाल्याने नंतर सांगितलं. पानातून गाळून आलेला उजेड तसाच असतो, आपल्या डोळ्याला कळत नाही, रोलला कळतो. सासू म्हणाली, मला माणूस म्हणून बसवलं होतं, अळू म्हणून काढलंत.

लुगडं या खेपेला निळ्याकडे गेलं होतं. जांभळं खाऊन हात पुसल्यावर फडक्याला जो रंग येतो, तसं. तिने पुन्हा वांगं आणलं. आता घरात कोणी हसलं नाही, कारण ती बोलत होती ते खरं होतं. पिवळा रोल वांग्याला भाजत होता आणि हिरवा रोल त्याला भिजवत होता.

तिसऱ्या वर्षी नवऱ्याने नीट विचार केला. पुन्हा पिवळा रोल घेतला. उन्हात नाही, केळीखालीही नाही, सकाळच्या वेळी ओटीवर, जिथे उजेड सगळीकडून सारखा येतो, तिथे तिला बसवलं. तिनेही कधी नव्हे ते सांगेल तसं ऐकलं. हा फोटो साधला असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

रोल संपला तेव्हा मे महिना होता. स्टुडिओवाल्याने नवऱ्याला बजावलेलं होतं की भरलेला रोल उन्हाळ्यात गरम जागी ठेवू नका, रंग बिघडतात, थंड जागी ठेवा. आमच्याकडे तेव्हा फ्रीज नव्हता. नवऱ्याने रोल डबीत घालून सासूकडे दिला आणि सांगितलं, थंड जागी ठेव, उद्या-परवा वसईला नेतो.

तिच्या घरात सगळ्यात थंड जागा एकच. माठाच्या तिवईखाली, ओल्या केळीच्या पानात, जिथे दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचा मोगरा रात्रभर ठेवायचा. तिने रोल तिथे, कळ्यांच्या मधोमध ठेवला. आणि ठेवताना डबीचं झाकण काढलं. कोंडलेलं फूल काळं पडतं, त्याला वारा लागावा लागतो, हे तिला लहानपणापासून माहीत. रोल कोंडून काळा पडू नये म्हणून तिने त्याला वारा दिला, आणि वरून रोजच्यासारखे पाण्याचे हबके मारले.

सकाळी नवऱ्याने मोगऱ्याचं पान उचललं, टोपलीत घातलं आणि दादरच्या बाजारात जाऊन एका गजरेवालीला विकलं.

दुपारी सासूने पानातला रोल कुठे काढून ठेवला ते विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी नवरा बाजारात त्याच गजरेवालीकडे गेला. तिने रोल जपून ठेवला होता. कोणाची तरी तपकिरीची डबी आहे असं तिला वाटलं होतं, आणि आतली तपकीर ओली झाली म्हणून तिने ती उन्हात वाळत घातली होती.

त्या रोलमधून फार थोडे फोटो निघाले. सासूचा निघाला, पण तिच्या तोंडावर चहा सांडल्यासारखा डाग होता. लुगडं स्वच्छ आलं होतं. तेही कॉफीचंच.

मला वाटलं आता ती आदळआपट करेल. तिने फोटो पाकिटात परत घातला, आणि मला ते बरं वाटलं नाही. दोन दिवसांनी फुलं निवडताना बघितलं, तर तिने पांढरी तगर आणि फिकी शेवंती एकाच ढिगात टाकली होती. मी गुपचूप वेगळी करायला घेतली. तिने माझा हात धरला.

"करू नको गो," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

मोतीबिंदू होता. तेव्हा डॉक्टर लगेच हात लावत नसत, पिकू द्या म्हणायचे. पिकेपर्यंत माणसाने चाचपडायचं. तिला आंधळेपणाची भीती नव्हती, वाडीत ती डोळे मिटून फिरली असती. भीती होती ती फोटोची. फोटो तिने स्वतः बघून पास करायचा होता, आणि डोळे गेले तर आम्ही कसलाही काढून 'छान आलाय' म्हणून तिच्या हातात देऊ, हे तिला माहीत होतं. आम्ही दिलाही असता.

मग तिने रोलवर विश्वास ठेवणं सोडून दिलं. चौथ्या खेपेला नवरा पिवळा की हिरवा विचारत बसला तेव्हा म्हणाली, कुठलाही घाल. फोटो निघाला, रोल पिवळाच होता, पुन्हा ओटीवर. तो काढून झाल्यावर तिने मला कात्री आणायला सांगितली आणि लुगड्याचं आत खोचायचं टोक पुढे केलं.

"काप इथून बोटभर."

एवढं एक चांगलं लुगडं, त्याला कात्री लावायला माझा हात धजेना. ती म्हणाली, तुझं आहे का? मी कापलं.

ती पट्टी घेऊन ती स्वतः स्टुडिओत गेली. मला हाताला धरायला नेलं. स्टुडिओवाला भला माणूस होता, पण त्याला हसू आवरेना. लॅबमध्ये मशीन असतं आजी, ते कापड कुठून बघणार, असं तो म्हणाला.

"मशीन कोण चालवतं?"

माणूस चालवतो, असं तो म्हणाला.

"मग त्याला दाखव. बाया आमच्याकडे साडीचा तुकडा घेऊन येतात, म्हणतात याच्यावर शोभतील अशी फुलं द्या. आम्ही कापड फुलाला लावून बघतो आणि देतो. मी काही जगावेगळं सांगत नाही. हे कापड या फोटोला लावून बघायचं. दोन्ही एक झाले की थांबायचं."

त्याने पट्टी पाकिटाला टाचली आणि त्यावर काहीतरी लिहिलं. पहिला फोटो आला तो काळपट. तिने परत पाठवला. दुसरा तांबूस. तोही परत. स्टुडिओवाला एव्हाना आम्हाला बघून तोंड लपवायला लागला होता. तिसरा आला तेव्हा ती अंगणात उजेडाला गेली, मांडीवर लुगडं पसरलं, वर फोटो ठेवला, आणि डोळ्यांजवळ नेत, लांब धरत बराच वेळ बसली. आम्ही दारात उभे.

"ही मी," ती म्हणाली. "दात पुढे आहेत, पण ते आहेतच."

लुगडं वांगी आल्याबरोबर चेहरा आपोआप तिचा झाला होता. सावळा, उन्हाने करपलेला, कपाळावर जुनी खूण. नवऱ्याने फ्रेम करून आणली. तिने ती पट्टी फ्रेमच्या मागे, पुठ्ठ्याच्या आत ठेवायला लावली, का ते सांगितलं नाही. जिवंतपणी फोटो भिंतीला नको म्हणून फ्रेम ट्रंकेत गेली. तीन-चार वर्षांनी ती गेली आणि फ्रेम भिंतीला आली, सासऱ्यांच्या निळ्या कोटाशेजारी, पश्चिमेच्या खिडकीसमोर.

आता सगळी भिंत भरली आहे. नवराही तिथेच आहे. त्याचा फोटो मुलाने फोनवरून करून आणला, मागे ढग घातलेत. वाडीतला माणूस ढगात उभा आहे. मी काही बोलले नाही, मुलाला वाईट वाटलं असतं.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता पिकू देत नाहीत, सकाळी गेलं की संध्याकाळी घरी. पट्टी निघाली आणि मी घरात आले, तर घर कोणी दुसऱ्याने रंगवल्यासारखं. मी ज्याला पिवळट समजत होते ते पांढरं होतं. इतकी वर्षं सगळं चहाच्या पाण्यातून बघत होते आणि पत्ता नव्हता. तेव्हा कळलं की सासूला आपल्या चेहऱ्यावर हळद कुठून दिसायची. मोतीबिंदू तेव्हाच सुरू झाला असणार. पण वांग्याच्या बाबतीत तिला कोणी खोटं पाडू शकलं नसतं, कारण डोळा पिवळा झाला तरी वांगं आणि फोटो दोन्ही सारखेच पिवळे दिसणार. दोन वस्तू शेजारी धरल्या की डोळा फसवू शकत नाही. तिने कापड कापलं ते याचसाठी, किंवा फुलवाल्यांची सवय म्हणून. विचारायचं राहिलं.

त्याच दिवशी मी भिंतीकडे बघितलं. सासू गोरी झाली होती. उन्हाने सगळा रंग उडाला होता. लुगडं राखाडी, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. जी निळ्या कोटाला नावं ठेवायची, तीच आता अनोळखी बाई होऊन त्याच्या शेजारी लटकत होती. आणि मी रोज तिला हार घालत होते.

म्हणून नात रोल घेऊन आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं, आणि बिस्किटाच्या डब्यातून जुन्या निगेटिव्ह काढून दिल्या. स्वतःचे रोल धुवायला देते तिथेच तिने त्याही स्कॅन करायला दिल्या, आणि सासू तिच्या लॅपटॉपवर आली. नात बाणाने रंग इकडेतिकडे सरकवायची आणि विचारायची, "अशी होती?" सासू तांबूस व्हायची. "अशी?" सासू हिरवट व्हायची. "की अशी, आजी?"

मला सांगता येईना. त्या बाईच्या हाताखाली मी वीस वर्षं काढली, तिचं खोकणं मला आजही ओळखता येईल, पण तिचा रंग डोळ्यांसमोर आणायला गेले तर येईना. दर वेळी वाटायचं, हो, अशीच असेल.

"बाय, थांब," मी म्हटलं. "फ्रेम उतरव."

मागचे खिळे गंजलेले होते. पुठ्ठा उचकटला तर पट्टी आत होती, एका कडेला थोडी कसर लागलेली, पण रंग नेसल्या दिवसासारखा. तिथे ऊन पोचलंच नव्हतं. नातीने ती खिडकीत धरून बघितली आणि म्हणाली, हा रंग तिच्या लॅपटॉपवर नीट दिसायचाच नाही, कागदावर काढून बघावं लागेल. वसईतल्या एका दुकानात तिने छोटे छोटे तुकडे छापून घेतले, आणि आम्ही दोघी ओटीवर बसून एकेक तुकडा पट्टीला लावून बघितला. जागा तीच, सासू फोटोला बसली होती ती. काही परत पाठवले. दुकानदार बहुतेक आम्हालाही बघून तोंड लपवत असेल.

मधल्या काळात तिचे दोन्ही रोल धुऊन आले. एकाच सकाळी, एकाच जागी तिने दोन्हींवर माझे आणि केळीचे फोटो काढले होते. पिवळ्यात मी बरी, हिरव्यात केळी बऱ्या. म्हणजे एवढ्या वर्षांत काही बदललं नाही.

सासूचा नवा फोटो परवा लावला. दुसऱ्या भिंतीला, खिडकीपासून लांब. पट्टी पुन्हा मागे ठेवली. मी जरा लांब जाऊन बघितलं. मला भरून वगैरे आलं नाही. मी मोगऱ्याच्या कच्च्या कळ्या खुडल्यावर ती बघायची तशी माझ्याकडे बघत होती, दात पुढे, सावळी, वांगी लुगड्यात. म्हणजे तीच होती.

नातीने कॅमेरा उचलला आणि म्हणाली, "आजी, एक फोटो राहिलाय नव्या रोलमध्ये. तुझा काढू, भिंतीसाठी?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तोंडावर बोलले असते. तिला म्हटलं, कपाटातली शेवंती रंगाची साडी काढ, आणि ओटीवर खुर्ची ठेव. मग मी कात्री शोधायला आत गेले.